मार्गशीर्षातली थंडी : निफाड ते तोरणमाळ

शुक्रवार, निफाड

थंडीची लाट आली की बातम्यांत निफाडचं नाव सगळ्यात आधी येतं. तिथल्या किमान तापमानाचा तो आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘समाधान’ हे गव्हाचे वाण इथलेच. म्हणजे ज्या आकड्यानं द्राक्षवाल्याच्या पोटात गोळा येतो, तो गव्हाच्या संशोधनासाठी राखलेल्या शिवारात मोजला जातो, आणि गव्हाला तर ही थंडी हवीच असते. थंडी टिकली तर फुटवे चांगले येतात, ओंबी भरते. बांधाच्या एका बाजूला थंडीची वाट पाहणारं पीक आणि दुसऱ्या बाजूला तिला भिणारं. माझ्या मामांकडे दोन्ही आहेत: दोन एकर गहू आणि बाकी द्राक्षबाग.

दादा आणि मी संध्याकाळी पोचलो तेव्हा मामी ओट्यावर बाजरीच्या भाकरी थापत होत्या. मामा बागेतच होते. पारा दोन दिवसांपूर्वीच एक आकडी झाला होता. “जेवा आणि लवकर झोपा,” मामी म्हणाल्या, “साडेतीनला तुमचे मामा उठवतील. बघायला आलाय ना थंडी?”

खरंच साडेतीनला उठवलं. कानटोपी, मफलर, त्यावर मामांचं जुनं घोंगडं घेऊन बागेत गेलो. आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. रात्री ढग नसले, हवा कोरडी असली आणि वारा पडला, की दिवसभर तापलेली जमीन सगळी ऊब वर सोडून देते, आणि पहाटेच्या दोन-तीन तासांत पारा झपकन उतरतो. त्याच्या आधी चार दिवस उत्तरेत बर्फ पडून गेलेलं असतं. पश्चिमी झंझावात हिमालयावरून पुढे सरकला, की त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा, गार वारा खाली सुटतो आणि खानदेशातून नाशकापर्यंत येतो. मामांना हे सगळं मोबाइलवरच्या हवामानाच्या नकाशावरून कळतं. “तिकडं काश्मीरला बर्फ पडलं म्हणून टीव्हीवर लोक नाचताना दिसतात,” ते म्हणाले, “आम्ही तेव्हाच सरपण गोळा करायला लागतो.”

बागेच्या कडेनं आणि मधल्या रस्त्यांवर ठरावीक अंतरावर शेकोट्या रचलेल्या होत्या. खाली छाटणीच्या वाळक्या काड्या, वर ओलसर पालापाचोळा. ज्वाळ नको, धूर हवा. तो धूर वेलींच्या मांडवाखाली रेंगाळतो आणि पहाटेची गार हवा थोडी सौम्य करतो. मामांनी मग ठिबक चालू केलं. विहिरीचं पाणी या दिवसांत कोमट असतं, हौदातून त्याची वाफ निघताना बॅटरीच्या उजेडात दिसत होती. ते पाणी मुळाशी गेलं की माती उबदार राहते.

एवढं सगळं कशासाठी, तर मण्यासाठी. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत या वेळी मणी फुगवणीवर असतो. थंडीनं वेलीच्या मुळांचं काम मंदावतं आणि मणी आहे तेवढाच राहतो. ज्यांनी लवकर छाटणी केली, त्यांच्या बागेत मण्यात पाणी उतरत आलेलं असतं, म्हणजे मणी पिकायला लागलेला असतो. तिथे रात्री कडाका आणि दुपारी ऊन, असा फरक वाढला की मणी तडकतो. एक तडकला की रस शेजारच्या मण्यांवर येतो, आणि सगळा घड गेला. शिवाय हिरव्या द्राक्षाला गुलाबी झाक येते, तिला इथे सगळेच ‘पिंक बेरी’ म्हणतात. चवीला ते द्राक्ष वाईट नसतं, पण निर्यातीचा माल म्हणून कोणी घेत नाही. त्यासाठी बायका एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. शेजारच्या बागेत ते काम चालू झालं होतं. हजारो घड कागदात.

मामा एकेका शेकोटीवर वाकून काड्या सारत होते. मला त्यांचं वय तेव्हा दिसलं. लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा हेच मामा आम्हाला दोन खांद्यांवर दोघांना घेऊन विहिरीपर्यंत पळत जायचे. पहाटे मामी गवती चहा आणि आलं घातलेल्या चहाची किटली घेऊन आल्या. त्या चहाची चव घरी कितीही प्रयत्न केला तरी येत नाही. बाहेर, धुरात, बोटं बधिर असतानाच तो तसा लागतो.

पलीकडे गव्हाच्या वावरात एक माणूस पाण्यात उभा होता, हातात फावडं, डोक्याला टॉवेल. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात गव्हाला, हरभऱ्याला, कांद्याला पाणी द्यायचं तर रात्रीच द्यावं लागतं. एका साऱ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवत माणूस गार चिखलात पाय रोवून पहाटेपर्यंत उभा राहतो. साप, विंचू, बिबट्या हे वेगळंच. निफाड तालुक्यात उसामुळे बिबट्या काही नवा नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ज्या गावांत ती पोचली तिथे हा माणूस आता घरात झोपतो. माझ्या मते थंडीच्या लाटेची बातमी देताना पाऱ्याच्या आकड्यासोबत हीसुद्धा यादी छापावी: कुठल्या गावाला या आठवड्यात रात्रीची वीज आहे.

शनिवार, नांदूर मध्यमेश्वर

निफाडपासून जवळच गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली ब्रिटिश काळातला बंधारा आहे. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी पसरट आणि उथळ झालं, वनस्पती वाढल्या, आणि बंधाऱ्याच्या मागे पक्ष्यांचं राज्य तयार झालं. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, हे गेल्याचं २०२० साली जाहीर झालं, महाराष्ट्रातलं त्या यादीतलं पहिलं पाणथळ.

चापडगावच्या बाजूनं आत गेलो. गावातलेच तरुण गाइडचं काम करतात आणि दुर्बिणीसह बरोबर येतात. धुकं पाण्यावरून उठत होतं, त्यामुळे आधी नुसते आवाज. मग हळूहळू आकार दिसायला लागले: थापट्या, तलवार बदक, गढवाल, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या. चक्रवाकाची जोडी पाण्याच्या काठाला अंग फुगवून बसली होती, तांबूस रंग उन्हात उजळलेला. लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी हे पक्षी पिलं वाढवतात आणि तिकडचं पाणी गोठायला लागलं की खाली येतात. मामांना ज्या गारठ्यानं जागं ठेवलं, त्यातच यांना पोटभर खायला मिळतं. तिथल्या हिवाळ्यापुढे हा त्यांच्यासाठी उन्हाळाच.

दुपारी चांदवड, मालेगाव करत धुळ्याला निघालो. मालेगाव ओलांडलं की झाडं कमी होतात, माळ पसरतो आणि गाडीच्या काचेतूनही वारा कळतो. लळिंगचा किल्ला दिसला की मला आजही घर आल्यासारखं वाटतं.

रविवार, धुळे

धुळ्यातल्या माझ्या लहानपणाचा हिवाळा धुरानं सुरू व्हायचा. आजी पहाटे बंब पेटवायची. अंगणातल्या कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्या. पऱ्हाटी भडकन पेटते आणि चटकन विझते, म्हणून आजी शेजारी पाटावर बसून एकेक काडी सरकवत राहायची. तिच्या पायाशी गोठलेल्या खोबरेलाची बाटली ऊब घेत असायची. शाळेत जाण्याआधी तेल पातळ झालं पाहिजे, नाहीतर वेणी कशी घालणार?

आजोबा कापड गिरणीत होते. रातपाळी संपली की भोंगा व्हायचा, आणि थोड्या वेळानं सायकलची घंटी. आत आले की ते कोणाशी काही बोलायचे नाहीत. बंबाच्या नळीभोवती दोन्ही हात धरून उभे राहायचे. हातांवर कापसाचा तंतू चिकटलेला असायचा. आजी पितळीत चहा ओतून पुढे करायची, तो घेण्याआधी ते बोटं उघडमिट करून बघायचे. मी अंथरुणातून, जुन्या लुगड्यांच्या गोधडीच्या फटीतून हे रोज पाहायचे. तेव्हा मला वाटायचं की आजोबा रोज सकाळी बंबाला नमस्कार करतात. काल पहाटे मामांच्या बागेत शेकोटीवर तसेच हात धरले गेले आणि मला आजोबांची बोटं आठवली.

आत्या अजून त्याच घरात राहते. दारातच म्हणाली, “भू थंडी शे बाई, आत ये आधी.” तिच्याशी बोलताना माझ्याही तोंडी अहिराणी आपोआप येते. मुंबईत वर्षभर ती कुठे दडून बसते कोण जाणे.

आज भरीत. खानदेशात थंडी पडली आणि भरीत झालं नाही असं घर सापडायचं नाही. घरातल्या गॅसवर केलेलं भरीत आत्या भरीत मानत नाही. मळ्यात जायचं, पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी टाकायची. वांगी कोणती हेही महत्त्वाचं: हिरवट पांढरी, मोठी, बिया कमी असलेली. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी सगळ्यांत नावाजलेली. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आत्यानं जळगावहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून पिशवीभर मागवून ठेवली होती.

साल काळी झाली की वांगी बाहेर काढायची, गरम असतानाच सोलायची. बोटं भाजतात, तरी गार पाण्यात बुडवायची नाहीत, चव जाते. मग लाकडी बडगीत घालून मुसळीनं ठेचायची. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधीच कुटून घेतलेले. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि तेल सढळ हातानं. बरोबर कळण्याची पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यात दळतानाच मीठ. ही पुरी थोडी जड असते, पण थंडीत पोटाला तेच लागतं. केळीच्या पानावर भरीत, पुरी, कच्चा कांदा आणि मुळा. आत्या शेवटपर्यंत स्वतः जेवायला बसली नाही. जाळाजवळ बसून पुऱ्या तळत राहिली आणि आमच्या पानांकडे लक्ष ठेवून होती.

संध्याकाळी दादानं विचारलं, “आत्या, तुम्ही त्या वेळी पहाटे उठायचात का आजीबरोबर?” ती म्हणाली, “मी पाणी भरायचे. नळ चारला यायचा.” आजीचा बंब मला आठवतो, आजोबांचे हात आठवतात, पण त्या बंबात पाणी कोण ओतत होतं हे कधी माझ्या डोळ्यांपुढे आलं नव्हतं. आत्या तेव्हा अकरावीत होती. हौदापासून बंबापर्यंत गार पाण्याच्या कळश्या तिनं वाहिल्या, आणि आम्ही पोरं कढत पाण्यानं अंघोळी करून शाळेत गेलो.

सोमवार, सोनगीर आणि सारंगखेडा

सोनगीरला थांबायचं ठरलंच होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव जुन्या काळापासून ओळखलं जातं. खानदेशातल्या किती तरी घरांतले हंडे, कळश्या, बंब इथल्या तांबट कारागिरांच्या हातून गेलेले आहेत. गीझर आल्यावर बंबांची मागणी उरली नाही. तरी ठोक्यांचा आवाज गल्लीत शिरल्यावर ऐकू येतो. मी एक छोटी कळशी घेतली, आत्यासाठी.

नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा करत तापीच्या काठावर सारंगखेड्याला पोचलो. एकमुखी दत्ताची यात्रा. दत्तजयंतीला सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. सगळ्यांचं लक्ष मात्र घोड्यांच्या बाजाराकडे. मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पांढरा नुकरा. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. किमतींच्या गप्पा पेपरात येतात, त्या मी सोडून देते.

मला रात्र बघायची होती. नदीकाठचा गारठा हाडांत शिरणारा. घोड्यांच्या अंगावर जाड झुली, पायाखाली गवत, आणि त्यांना राखणारी पोरं त्यांच्याच पायाशी एकेका चादरीत. एक पोरगा मध्येच उठून घोडीच्या झुलीची नाडी परत घट्ट बांधून गेला. विचारलं तर म्हणाला, घोड्याच्या छातीला गार लागलं तर सकाळी तो चालून दाखवत नाही, मग गिऱ्हाईक पुढे निघून जातं. दादानं गाडीतली जादा रग त्याला दिली. ती त्यानं घेतली आणि आधी घोडीच्या मानेवर टाकली. मग दादानं त्याला शेकोटीजवळ नेऊन बसवलं आणि चहा येईपर्यंत तिथून हलला नाही.

मंगळवार, तोरणमाळ

शहादा सोडलं की सपाट प्रदेश संपतो. ऊस, केळी, पपई मागे पडतात आणि सातपुडा समोर उभा राहतो. केळीच्या बागांमध्ये इथेही शेकोट्यांची राख दिसत होती. गारठ्यानं केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात आणि घड बाहेर पडताना अडकतो. सात पायरी घाटाची वळणं चढून तोरणमाळला आलो. उंची १,१४३ मीटर, नंदुरबार जिल्हा, अक्राणी तालुका. वर आलं की मोठं यशवंत तळं, पुढे सीताखाईची खोल दरी, गोरखनाथाचं देऊळ, जिथे महाशिवरात्रीला सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांतून लोक चालत येतात. पर्यटनाची गजबज इथे फारशी नाही.

याच डोंगररांगेत अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात. फोटो असतो गवतावरच्या पांढऱ्या थराचा. त्या फोटोत पाडा नसतो. आम्ही संध्याकाळी जवळच्या एका पाड्यावर गेलो, दादाच्या ओळखीच्या शिक्षकांबरोबर. बांबूच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंती. घरात मध्येच चूल, तिच्याभोवती सगळे. धूर छपरातूनच वाट काढतो. या घरांत थंडीला उत्तर म्हणजे जाळ आणि एकमेकांच्या अंगाची ऊब. चादरी थोड्या. बाईनं आम्हाला पुढे बसवलं, जाळाच्या अगदी जवळ, आणि तिची मुलं मागे सरकली. मी त्यांना पुढे ओढून घेतलं. सगळ्यांत धाकटी माझ्या शालीत शिरून झोपून गेली.

काही घरांना बाहेरून काट्या लावलेल्या होत्या. शिक्षक म्हणाले, दिवाळीनंतर कोयता घेऊन गेले. दक्षिण गुजरातमध्ये, सुरत-बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला. तिथे वावराच्या कडेला बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या खोपी घालून राहतात, ऊस तोडायला पहाटेच उठतात. लहान मुलंही बरोबर जातात. त्यांच्या वर्गात ज्या जागा रिकाम्या होत्या, त्यांतल्या प्रत्येक मुलाचं नाव ते सांगत गेले आणि कोण कधी परत येईल याचा अंदाजही. तोरणमाळचा गारठा निदान स्वतःच्या घरातला असतो. प्लॅस्टिकच्या कागदाखालची पहाट कशी असेल, याचा विचार करूनच मला रात्री झोप लागली नाही.

बुधवार, नंदुरबार

सकाळी गाडीच्या टपावर दव कडक झालेलं होतं, नखानं खरवडून निघत होतं. तळ्यावर धुकं. उन्हं चढल्यावरच घाट उतरलो.

नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्या लागल्या. मिरचीच्या पथाऱ्या म्हणजे मोकळ्या जमिनीवर जिथवर नजर जाईल तिथवर ओल्या लाल मिरचीचा अंथरलेला थर. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ. ओली मिरची इथे येते, पथारीवर वाळते आणि मग पुढे जाते. मिरचीला हा कोरडा, गार वारा आणि स्वच्छ ऊन फार मानवतं, म्हणून इथले व्यापारी थंडी टिकावी असं म्हणतात. भीती असते ढगांची. अवकाळी पावसाचा एक शिडकावा झाला तरी वाळत आलेली मिरची काळी पडते.

आणि ढग येत होते. पश्चिमेकडून पातळसा थर. गारठा आता ओसरणार, पारा वर जाणार, शहरांत लोक सुटलो म्हणणार. पथारीवर मात्र धावपळ सुरू झाली. डोक्याला, तोंडाला फडकं बांधलेल्या बाया मिरची ओढून ढीग करायला लागल्या, पुरुष ताडपत्र्या आणायला धावले. हवेत मिरचीचा एवढा ठसका की बोलणंही अवघड. तिथल्या एका बाईला मी विचारलं, थंडीत काम बरं की उन्हाळ्यात? तिनं फडकं खाली केलं. “थंडीत हात फुटतात, त्यात मिरची जाते,” ती म्हणाली आणि तळवे दाखवले. भेगांत लाल रंग बसलेला होता. “पण काम थंडीतच असतं.” ती कुठून आली विचारलं, तर धडगावची. काल आम्ही होतो त्याच डोंगरातली.

ताडपत्र्या कमी पडत होत्या. दादानं आमच्या गाडीवरची मोठी ताडपत्री सोडली आणि दिली, मुकादमानं ती लगेच एका ढिगावर ताणली. आत्यासाठी वाळलेली मिरची घ्यायची होती, तर व्यापाऱ्यानं दोन दिवस थांबून नीट वाळलेलीच न्या असं सांगितलं. त्याचा नंबर घेतला आहे, पार्सल धुळ्याला जाईल.

कोणी या बाजूला जाणार असेल तर काही गोष्टी. तोरणमाळला जाताना शहाद्यातच गाडीची टाकी भरा आणि घाट उजेडात चढा. पथारीवर गेलात तर नाक-तोंडाला रुमाल बांधा, आणि बायांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि पाड्यावरच्या शाळेत जाणार असाल तर नव्या, जाड चादरी घेऊन जा. जुने कपडे नकोत, ते तिथे आधीच खूप येऊन पडतात. चादरी शिक्षकांकडे द्या, कोणत्या घरात किती माणसं झोपतात हे त्यांना माहीत असतं.